मासळीच्या गोदामातला लायलॅक

शोभना पाटणकरबद्दल गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा. मी तिची शेजारीण. शारजातल्या जुन्या वस्तीत एकाच अरबी मालकाची दोन बैठी घरं, मधे माझ्या छातीएवढी भिंत. त्या भिंतीवरून या बाईनं मला तीस वर्षांत जेवढं ऐकवलंय तेवढं माझ्या सासूनंही ऐकवलं नाही. आणि माझी सासू हर्णैची होती, बंदरावर मासळीच्या लिलावात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

राग तर शोभनाच्या नाकाच्या शेंड्यावर. पाण्याचा टँकर उशिरा आला की टँकरवाल्यावर, एसी गळला की मेकॅनिकवर, कुणीच नसलं तर सूर्यकांतभाऊंवर, म्हणजे तिच्या नवऱ्यावर. तो बिचारा हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांच्या कंपनीत क्वालिटीला. दिवसभर पाइपांमधले दोष काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे ऐकायचे. माझे यजमान मोहिद्दीन, त्यांचं मासळीचं कोल्ड स्टोअरही हमरियालाच, त्यामुळे दोघं रोज एकाच गाडीनं जायचे.

पण या रागाचं एक आहे. माझी नबिला सातवीत होती तेव्हा तिच्या वर्गाच्या टीचरनं सगळ्यांसमोर तिला सांगितलं, तुझ्या डब्याला मासळीचा वास येतो, मागच्या बाकावर बस. शोभना त्याच शाळेत गणित शिकवायची. तिला कळलं तशी ती स्टाफरूममध्ये अशी कडाडली की त्या टीचरनं स्वतः येऊन नबिलाला पुढं बसवलं. मी म्हटलं, चला, बाई मनानं चांगली आहे. तर संध्याकाळी भिंतीवरून नबिलावरच ओरडली, "आणि तू गं? तोंड शिवलं होतं का तुझं? तिथल्या तिथं बोलायला काय झालं?" पोरगी रडायला लागली.

तिची मुलगी मुग्धा शारजातच जन्मलेली. शोभना शाळेत, म्हणून पोर दुपारभर माझ्याकडे. पाटणकरांच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं, आणि ही पोरगी माझ्या ताटाशी येऊन बसायची. दिला मी एक दिवस बांगडा, काटे काढून. मग दुसरा दिला. शोभनाला कळलं तेव्हा महाभारत झालं! आठ दिवस माझ्याशी अबोला. नवव्या दिवशी भिंतीशी आली, तोंड फिरवून उभी राहिली आणि म्हणाली, "काटे नीट काढतेस ना?" तेवढंच. नंतर तो विषय नाही.

ती मुग्धा आता कॅनडात. नवरा, नोकरी, घर, सगळं व्यवस्थित. फक्त इकडे यायला तिला वेळ नाही. सुट्टी मिळाली की इटली, सुट्टी मिळाली की पोर्तुगाल. मध्ये एकदा शोभना दोन महिने तिच्याकडे जाऊन आली आणि येताना डोक्यात ते झाड घेऊन आली. लायलॅक. मुग्धाच्या दारात वीतभर बाग, तिच्यात हा बुटका पांढरा लायलॅक. कमरेच्या वर जात नाही, फारसा छाटावा लागत नाही, आणि मे महिन्यात असा फुलतो की पानं दिसत नाहीत. "आणि वास काय सांगू जैनबभाभी!" म्हणायची. सांगायची मात्र रोज.

मग इथल्या एका नर्सरीत तिला तसलीच कुंडी दिसली, परदेशातून आलेली, फुलांनी लगडलेली. एकशे ऐंशी दिरहम! मी म्हटलं, "म्हणजे चार हजार रुपये गो! येडी का खुळी तू?" तिनं ऐकलं असतं तर ती शोभना कसली. आठ दिवसांत फुलं गळली. त्यानंतर तीन वर्षं त्या कुंडीला एक कळी आली नाही. उन्हाळ्यात ती कुंडी घरात एसीत, थंडीत बाहेर अंगणात, आजारी सासूसारखी तिची सरबराई. मी चिडवायचे, "कशी आहे तुझी लैला?" ती म्हणायची, "लैला नाही, लायलॅक! उच्चार तरी धड कर."

गेल्या वर्षी सूर्यकांतभाऊंच्या रिटायरमेंटची तारीख ठरली. एप्रिलअखेर. नोकरी संपली की व्हिसा संपला, व्हिसा संपला की घर मालकाला परत आणि दोघं पुण्याच्या फ्लॅटवर. इथं हे असंच असतं, तक्रार कुणाकडे करणार? शोभनानं तक्रार केलीही नाही. तिचं मागणं एकच. हे घर जायच्या आधी मुग्धानं एकदा यावं. जन्मली त्या घरात चार दिवस राहावं. बस.

नोव्हेंबरात भिंतीशी उभी राहून ती लेकीशी फोनवर बोलत होती. स्पीकर चालू, म्हणून मी सगळं ऐकलं. मुग्धा म्हणत होती, "आई, इट्स अ रेंटल! भाड्याचं घर आहे ते. आय विल कम टू पुणे ना." शोभना म्हणाली, पुण्याला नको, इथं ये. विषय कसा कोण जाणे त्या झाडावर गेला. पोरगी हसून म्हणाली, "आई, त्याला विंटर लागतो. तुमच्याकडे विंटरच नाहीये. ओके, फाइन. द डे युअर लायलॅक ब्लूम्स इन शारजा, आय विल कम. प्रॉमिस."

आता ही कुचेष्टा होती. आपण नाही का म्हणत, सूर्य पश्चिमेला उगवला की येईन, तसलं. मला लगेच कळलं, सूर्यकांतभाऊंना नंतर ऐकून कळलं. शोभनानं फोन ठेवला आणि म्हणाली, "शब्द दिलाय तिनं."

त्या संध्याकाळी आम्हा दोघींचे नवरे कामावरून आले. मोहिद्दीननी ऐकलं आणि सहज बोलून गेले, "वहिनी, थंडीच पाहिजे ना? माझ्याकडे बाराही महिने थंडी आहे की." सूर्यकांतभाऊ हसले. मी हसले. शोभना हसली नाही. तिनं फोनवर वाचून काढलं, या झाडाला अडीच-तीन महिने चार-पाच डिग्रीत झोपवावं लागतं, मग उबेत आणलं की ते फुलतं. मोहिद्दीन यांच्याकडे दोन खोल्या. एक उणे अठराची, गोठवलेल्या मासळीची. दुसरी चारची, बर्फातल्या ताज्या मासळीची. डिसेंबर लागला तशी बाई स्वतः कुंडी मांडीवर घेऊन गाडीत बसली. तिथला सुपरवायझर अबरार मुलतानचा, थोराड गडी. त्याला तिनं वर्गात उभं करावं तसं उभं केलं. "ये चार में रहेगा. मायनस एटीन में गया तो मुझसे बुरा कोई नहीं." अबरार म्हणाला, "इन्शाल्ला मॅडम." "इन्शाल्ला नहीं, पक्का!"

आता इथं खरा घोळ झाला. खलास हा शब्द या मुलुखात सकाळपासून शंभर वेळा कानावर पडतो. काम झालं, खलास. हिशेब मिटला, खलास. बस कर, खलास. अरब बोलतो, मल्याळी बोलतो, मी बोलते. आणि आपल्या मराठीत खलास म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. शोभनाला दोन्ही अर्थ माहीत होते. पण फेब्रुवारीच्या अखेरीस, रमजान तोंडावर आलेला, त्या दिवशी सकाळी मुग्धाशी तिचं जोरदार वाजलं होतं. मुग्धानं स्पष्ट सांगितलं होतं, एप्रिलमध्ये येणं शक्य नाही, ऑफिसात रिलीज आहे. ही फोन आपटून बसलेली. तेवढ्यात अबरारचा फोन. "मॅडम, आपका पौधा खलास. पिकअप में भेज दिया."

त्याला म्हणायचं होतं, थंडीची मुदत संपली. हिनं ऐकलं, झाड मेलं.

मी अंगणात कपडे वाळत घालत होते. ती भिंतीशी आली, आणि जे बोलली ते मी शब्दाला शब्द सांगते, कारण ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. "विश्वासानं दिलं होतं मी ते झाड. पण मासे विकणाऱ्यांना जिवंत आणि मेलेलं यातला फरक कळणार कुठून!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच ती बाई! माझ्या लेकीच्या डब्याला कुणी नाक मुरडलं म्हणून शाळा डोक्यावर घेणारी. मी ओला टॉवेल बादलीत फेकला आणि म्हटलं, "शोभना, मासे विकून मी चार पोरं शिकवली. तुझी पाचवी! तुझ्या पोरीच्या अंगावर जे मांस आहे ना, ते माझ्या बांगड्यांचं आहे. आणि ती येत नाही त्याचा राग माझ्या नवऱ्यावर काढू नकोस!"

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं, म्हणणारे म्हणोत. मला नाही तसं वाटत. तिनं पाठ फिरवली आणि ती आत गेली.

तासाभरात पिकअप आली. कुंडीत काय, तर काटक्या. एक पान नाही. शोभनानं दारातच ती बघितली, दोन्ही हातांनी उचलली, रस्त्यापलीकडे बलदियाची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, कचऱ्याची मोठी पेटी असते तिच्या पायाशी नेऊन आदळली आणि मागं न बघता घरात जाऊन दार लावून घेतलं. कुंडीचा काठ फुटला.

मला तिची दया आली म्हणून मी ती आणली, असं कुणी समजू नका. मी रागानं आणली! माझ्या नवऱ्याच्या गोदामात झाड मेलं म्हणतेस? मग मेलंय की नाही ते मी बघते. आमच्याकडे आंब्याचं कलम लागलं की नाही ते साल नखानं खरवडून बघतात. मी तसं नख लावलं. आत हिरवंगार! तेव्हा तर मी आणखीनच भडकले. आख्खं झाड जिवंत, आणि या बाईनं मोहिद्दीन यांना काय काय बोलून घेतलं!

हे घरी आले तर म्हणतात, "झाडाला थंडीत पानं नसतातच, तिथं कॅनडात पण नसतील. जा, सांग तिला."

"सांगते माझी चप्पल," मी म्हटलं.

"अगं, अबरारच्या बोलण्याचा तिनं उलटा अर्थ घेतला."

"अबरारचा अर्थ उलटा घेतला असेल. आपल्याला बोलली ते सरळच बोलली ना?"

कुंडी मी मोरीमागच्या सावलीत ठेवली, तिच्या बाजूनं दिसणार नाही अशी. रमजान सुरू झाला. दर वर्षी इफ्तारच्या आधी भिंतीवर तिच्या हातची थाळी यायची, कापलेली फळं, कधी साबुदाण्याची खीर, आणि सोबत टोमणा, "खा बाई, दिवसभर उपाशी राहून आमच्या डोक्याला ताप." या वर्षी भिंत रिकामी. पलीकडून फक्त खोक्यांना टेप लावल्याचा चर्रर्र आवाज. पुरुषमाणसं मात्र बघा! मोहिद्दीन आणि सूर्यकांतभाऊ त्याच गाडीनं जात होते, क्रिकेटवर बोलत होते. बायकांचं भांडण आहे म्हणे, मिटेल. मिटवायला कुणी हात लावायचा नाही, आपोआप मिटेल!

रोज्यात भांडायचं नसतं, म्हणून मी झाडाशी बोलायचे. पाणी घालताना सांगायचे, "फुल बाय, एकदा फुल, तिच्या नाकावर टिच्चून फुल." आधी हिरवी टोकं आली, मग हृदयाच्या आकाराची पानं, मग पानांच्या मधे बारीक मण्यांचे झुबके. ईदच्या पहाटे मी दार उघडलं आणि अंगणात वास भरून राहिला होता. सगळं झाड पांढरं! मी मेलीनं एवढ्या शिव्या घालून पाणी घातलेलं झाड, आणि मला बघून रडू आलं. का ते मला विचारू नका.

शिरखुर्मा ढवळत होते तर भिंतीपलीकडून आवाज आला. महिन्याभरानं पहिला. "जैनबभाभी, ईदचं अत्तर सांडलंय का तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "ये आणि बघ."

ती फाटकातून आली. मोरीमागं गेली. मग एकदम किंचाळली, "माझं झाड चोरलंस!"

"चोरलं? कचऱ्यात फेकलं होतंस तू!"

"जिवंत आहे हे सांगितलं नाहीस! मी महिनाभर..."

"का सांगू? मासे विकणारी मी, मला काय कळतंय जिवंत आणि मेलेलं!"

नवे कपडे घातलेले मोहिद्दीन आणि ईद मुबारक म्हणायला निघालेले सूर्यकांतभाऊ आपापल्या दारात आले आणि आमचे आवाज ऐकून परत आत गेले. शोभना तिथंच उलट्या बादलीवर बसली. एक झुबका हातात घेतला, तोडला नाही, नुसता धरला. "मी तेव्हा जे बोलले ना..." एवढं बोलली आणि पुढं तिला येईना.

"राहू दे," मी म्हटलं. "माफी मागणं तुला जमत नाही, वाकडंच काहीतरी बोलशील. फोन लाव तिला."

तिनं व्हिडिओ लावला. तिकडे रात्र. मुग्धा सोफ्यावर, मांडीवर लॅपटॉप. शोभनानं फोन झाडासमोर धरला.

"वॉव आई! सो प्रिटी! कुठून आणलंस?"

"आणलं नाही. आपलंच आहे. फुललं." शोभनाचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "तू म्हणाली होतीस, फुललं की येते."

"मी? व्हेन डिड आय से दॅट?" पोरीला खरंच आठवत नव्हतं. "आई, आय मस्ट हॅव बीन जोकिंग!"

मला वाटलं आता शोभना फुटणार. शारजा हादरणार. ती म्हणाली, "बरं." नुसतं बरं! तीस वर्षांत मी त्या बाईच्या तोंडून नुसतं बरं ऐकलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही. मी फोन ओढून घेतला.

"ऐक गो मुग्धा! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात वाढलास तू आईला, आणि ही खुळी तो भात खरा समजून पाटावर बसली. गोदामात जाऊन बसली, माझ्याशी भांडली, तीस दिवस माझ्या रोज्यांना तिची थाळी आली नाही. तुझ्या जोकपायी! भाड्याचं घर म्हणतेस? तुझा पहिला दात पडला तो तू माझ्या शेडच्या पत्र्यावर फेकलास, भाड्याचा होता काय तो? काटे काढून बांगडा भरवला तुला, भाडं घेतलं काय मी? यायचं नसेल तर नको येऊ. पण आईशी जोक करायचा नाही. खलास!"

आणि फोन बंद केला. शोभनानं तो माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "माझ्या पोरीवर ओरडायचा तुला काय अधिकार?"

"आहे," मी म्हटलं. "शिरखुर्मा खा आता."

पुढं आठ-दहा दिवसांत ऊन तापलं आणि फुलं तपकिरी झाली. मुग्धाचा फोन येत होता, आईशी हवापाण्याचं बोलत होती, येण्याबद्दल चकार शब्द नाही. घर रिकामं होत गेलं. फ्रिज विकला, पलंग विकला. शोभना रागवेनाशी झाली होती. टँकर दोन दिवस उशिरा आला तरी गप्प! माझा जीव खालीवर व्हायला लागला.

सोमवारी मालकाला चावी द्यायची होती. शुक्रवारी दुपारी माझ्या फाटकापुढून टॅक्सी गेली आणि पाटणकरांच्या दाराशी थांबली. मुग्धा उतरली, एक बॅग घेऊन. शोभना दारात आली. बघितलं. आणि अल्ला, काय तो आवाज लागला! "आता? आता आलीस? फुलं गळून गेल्यावर? तीन आठवडे आधी यायला काय धाड भरली होती तुला? आणि न कळवता! घरात बसायला खुर्ची नाही, पलंग नाही!" टाळी वाजवावीशी वाटली मला. माझी शोभना परत आली होती.

मुग्धानं बॅग दारातच ठेवली. त्या मोकळ्या घरातून चालत मागच्या अंगणात आली. झाड ईदलाच परत त्यांच्या बाजूला गेलं होतं. ती कुंडीशी वाकली, वाळक्या झुबक्याला नाक लावलं, मग मातीला. वर बघितलं आणि मराठीत म्हणाली, "आई, याला मासळीचा वास येतोय."

"येणारच," शोभना ओरडली. "कुठं झोपवलं होतं ते माहीत आहे का तुला?" आणि मग भिंतीकडे वळली. मी अर्थातच तिथंच उभी होते. "जैनबभाभी, बांगडे आहेत का घरात?"

"आहेत."

"तळ. आणि इकडे घेऊन ये. माझ्या घरात. ताटं पण तुझीच आण, माझी खोक्यात गेली."

मी नेले. फरशीवर पेपर अंथरून बसलो. सूर्यकांतभाऊ खिडकीशी उभे राहिले, वासानं त्यांना कसंतरी होत होतं, पण गेले नाहीत. मी मुग्धाचं ताट पुढं ओढलं तर शोभनानं माझा हात बाजूला केला. जन्मात मासा न शिवलेली ती बाई, बोटाच्या टोकांनी बांगडा धरून काटा उपसायला लागली. मासा सगळा कुस्करला.

"असा नाही गो!" मी ओरडले. "मधला काटा आधी! लेकीच्या घशात घालशील!"

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "शिकव."